लिंबाजीकाका जरा टेकतात

आमच्या वडीगोद्रीत लग्न कुणाचंही असो, बँडच्या गाडीला पाठ लावून जो माणूस गाढ झोपलेला दिसेल तो आमचा शेजारी. लिंबाजीकाका. कानाशी ताशा कडाडत असतो आणि हे तोंड उघडं टाकून खुशाल घोरतात. एकदा तर वऱ्हाडी मंडळी त्यांच्या पसरलेल्या पायांवरून उड्या मारत नाचली. उठवायला गेलं की ठरलेलं उत्तर, "झोपलो न्हाई, जरा टेकलो."

ग्रामसभेत ते टेकतात. आठवडी बाजारात भाजीवाल्या ओरडत असतात, त्यांच्या मधोमध पोत्यावर टेकतात. दुपारी मी कूट करायला मिक्सर लावला, की काठी ठोकत आमच्या ओट्यावर हजर. मिक्सर चालू तोवर यांची झोप. तो थांबला की डोळे उघडतात आणि वर मलाच विचारतात, "झालं का एवढ्यात?" जसं काही मी यांना अंगाई म्हणायला बसले होते. डोकंच फिरतं माझं.

बरं, घरी झोपावं ना माणसानं. समोरच तर घर. पुढच्या खोलीत बंद पडलेली पिठाची गिरणी, मागच्या खोलीत पलंग, पंखा, सगळं बराबर. गयाकाकू होत्या तोवर त्या गिरणी चालवायच्या आणि दिवसभर गल्ली धडधडायची. काकू गेल्या, गिरणीचा पट्टा उतरला, आणि घर अगदी निवांत झालं. तरी काकांचे डोळे कायम तांबारलेले. त्यांचा मुलगा भागवत त्यांना पुण्याला घेऊन गेल्ता, उंच इमारतीत, चिमणीसुद्धा ओरडत नाही अशा जागी. आठवडा काढला नसेल, परत आले. "लई शांत हाय तिथं," एवढंच म्हणाले. आम्हाला वाटलं, कौतुक करून राह्यलेत.

भागवतनं मात्र मला फोनवर बजावलं, "वहिनी, बाबांना झोप नाही, तब्येत उतरत चाललीय. असंच राहिलं तर दिवाळीनंतर घराला कुलूप लावतो आणि त्यांना कायमचं नेतो." हे काकांच्या कानावर गेलं होतं. तेव्हापासून ते जाता-येता आपल्या घराच्या चौकटीवर हात फिरवायचे.

अशात जालन्याचं निघालं. तिथं लेकरांसाठी खेळाचं म्युझियम झालंय. कशालाही हात लावा, ढकला, फिरवा, वाजवा, कुणी रागावत नाही. आमच्या चिऊनं आणि धाकट्या बंटीनं घर डोक्यावर घेतलं, आणि काकांनाही न्यायचंच म्हणून अडून बसले. मी काकांना म्हटलं, "लेकरांचा खेळ आहे तो, तुम्ही कंटाळून जाल."

"लेकरं लई यायचीत का?"

"रविवार आहे. झुंबड असणार."

"मंग येतो," म्हणाले, आणि धुवट धोतर नेसून आमच्याआधी गाडीत जाऊन बसले.

आत गेलो आणि मी खरंच चिडायचं विसरले. साबणाच्या पाण्यातून एक मोठं कडं वर ओढायचं, की माणूस फुग्याच्या आत उभा. चिऊच्या भोवती ते रंग थरथरत होते आणि ती आतून माझ्याकडं बघत होती, लांबच्या गावाहून बघावं तशी. काका श्वास रोखून म्हणाले, "हलू नगं माय, हलू नगं." फुगा फुटला तेव्हा चिऊपेक्षा त्यांनाच जास्त वाईट वाटलं.

शेवटी सावल्यांची खोली होती. अंधार, आणि समोर एक मोठी भिंत. भिंतीपुढं उभं राहायचं, लख्ख उजेड पडतो, आणि आपण बाजूला झालो तरी आपली सावली भिंतीवरच राहते. मग हळूहळू विरते. लेकरं उड्या मारत होती, किंचाळत होती, आणि त्यांच्या सावल्या तशाच हवेत राहत होत्या. काकांनी कोपऱ्यातली गादी हेरली. "जरा टेकतो."

आमचे हे म्हणाले, "घ्या. झोपायला जालन्याला आणलं ह्यांना."

पण अशी झोप मी त्यांची कधी बघितली नव्हती. सगळ्या सुरकुत्या सैल पडलेल्या. बंटी त्यांच्या पोटाला टेकून बसला तरी पत्ता नाही.

तिथं लक्ष ठेवायला नसरीन नावाची मुलगी होती, मोठी गुणाची. तिला वाटलं, म्हातारं माणूस दमलंय. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "बच्चों, बिलकुल आवाज नहीं. दादाजी सो रहे हैं." सगळ्या लेकरांना तिनं हळूच बाहेर काढलं आणि जाड दार ओढून घेतलं. काकांची काठी शोधत मी तेवढी आत राहिले.

खोली चिडीचूप झाली आणि काका दचकून उठून बसले. समोर भिंतीवर लेकरांच्या सावल्या होत्या, हात वर केलेल्या, अर्ध्या उडीतल्या. लेकरू एकही नाही. सावल्या फिक्या होत चालल्या होत्या. काका सरकत भिंतीपाशी गेले आणि एका सावलीवर त्यांनी हात ठेवला.

"गेले का सगळे?"

"बाहेर आहेत, काका. तुमची झोप मोडू नये म्हणून नेलंय."

"गप झालं की मोडती, सूनबाई." ते भिंतीकडंच बघत होते. "गिरणी वाजायची तवर मला घोर नव्हता. वाजती म्हंजी गया हाय. लाईट गेली की गिरणी बंद पडायची, आन् मी दचकायचो. ती पुढच्या खोलीतून म्हनायची, हाय मी, लाईट गेली. मंग पुन्हा डोळा लागायचा." त्यांनी हात खाली घेतला. "आता कुनी म्हनत न्हाई."

मला रडू आलं. दार उघडून मी बाहेर ओरडले, "या रे सगळे आत."

दुसऱ्या दिवसापासून माझा मिक्सर काकांच्या पुढच्या खोलीत गेला. गिरणीवर चिऊचं दुकान मांडलं गेलं आणि गल्लीतली लेकरं गिऱ्हाईकं झाली. काका मागच्या खोलीत, आपल्या पलंगावर टेकू लागले.

दिवाळीनंतर भागवत आला, तो पिशवीत नवं कुलूप घेऊनच. दारात थबकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा झोपलेत?"

"हळू नका ना बोलू," चिऊ म्हणाली, "उठतील ते."

तेवढ्यात लाईट गेली. मिक्सर थांबला, लेकरं क्षणभर गप्प झाली. मागच्या खोलीत पलंग करकरला. मी तोंड उघडणार, तर माझ्याआधी भागवतच बोलला. लहानपणापासून आईचं ऐकत आलेला तो.

"हाय मी, बाबा. लाईट गेली."

आत काकांनी कूस बदलली आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. भागवत गिरणीला टेकून बराच वेळ उभा राहिला. कुलूप त्यानं पिशवीतून काढलंच नाही.