कॅमेऱ्याच्या दुकानात कोंबडी

महादूकाका कॅमेरा बघायला आदिलाबादला निघाले की पिशवीत कोंबडी घेत. जिवंत. बसचा कंडक्टर एकदा तिच्या तिकिटासाठी हटून बसला, तर काका त्याला शांतपणे म्हणाले, "ये पॅसेंजर नई, चेकिंगवाली है." कंडक्टरने आधी आपला हिशेब तपासला, मग पिशवीत डोकावला.

बोथ गावात आमच्या शाळेमागे काकांचा वांग्यांचा मळा. वांगीवाल्याला कॅमेऱ्याचं काय पडलंय, असं तुम्ही म्हणाल. अहो, त्यांच्याकडे जुना डबा कॅमेरा होता आणि गावातली बारशी, लग्नं ते त्यावरच काढत. फोटोत सगळे यायचे, फक्त काकांच्या घरच्या यमुनाकाकू यायच्या नाहीत. काकूंची मान सारखी हलायची. दुखणंच ते, कुठल्या डॉक्टरला आवरलं नाही. डब्याचं शटर सुस्त, त्यामुळे लुगडं यायचं, गळ्यातली पोत यायची आणि चेहऱ्याच्या जागी नुसता चुलीचा धूर. काकूंचा एक नीट फोटो यावा म्हणून काकांना चपळ शटरचा कॅमेरा हवा होता, तोही एका हंगामाच्या वांग्यांत बसणारा.

चार हंगाम गेले. वांगी जरा चढली की कॅमेरे त्याहून चढत. "मास्तर, यंदाबी कॅमेरा वांग्याच्या एका तोड्यानं पुढे पळाला पाहा," काका मला सांगत. मी म्हटलं, फ्लॅशवाला बघा, स्वस्त आहे.

"फ्लॅश काऊन? सूर्य फुकट हाये ना."

कोंबडीचं शास्त्रही त्यांचंच. दुकानात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचं, आत डोळा लावायचा, कोंबडी काउंटरवर सोडायची आणि खटका दाबायचा. कोंबडी चालताना दिसली तर शटर सुस्त. नुसती चमक दिसली तर चपळ. "दिसली!" म्हणून काकांनी कॅमेरा परत ठेवला की शेटजी कपाळाला हात लावत.

पाचव्या वर्षी मी सोबत होतो. शेटजींनी एक जुना, कोणीतरी वापरून विकलेला कॅमेरा काढला. काका झाकण उघडतात न उघडतात तोच कोंबडी उडाली ती थेट आतल्या स्टुडिओत. तिथे रंगवलेल्या ताजमहालापुढे नवं जोडपं फोटोसाठी बसलेलं. नवरी जागची हलली नाही. नवरदेव मात्र फेट्यासकट खुर्चीवर चढून नाचायला लागला. शेटजी ओरडताहेत, मी कोंबडीमागे धावतोय, आणि आमचे काका कॅमेऱ्याला डोळा लावून नवरदेवावर खटका दाबताहेत.

"दिसलाच नाही, मास्तर! हाच घ्याचा!"

"जितना है उतना दे दो, काका," शेटजी हात जोडून म्हणाले, "मगर मुर्गी ले जाओ."

दुसऱ्याच दिवशी भर बाराच्या उन्हात काकूंना अंगणात बसवून काकांनी अख्खा रोल संपवला. आठवड्याने फोटो मीच आणून दिले. काकू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. फोटोत त्यांचं कुंकू, भुवई, हनुवटीवरचं गोंदण, सगळं लख्ख. काका शाबासकीची वाट बघत उभे राहिले. काकूंनी फोटो हातात घेतला.

"आरशातबी मान हालतेच ना, मास्तर," त्या म्हणाल्या. "किती वर्सं झाले, मी मले धड पाह्यलीच नाही." मग फोटो आणखी जवळ घेऊन म्हणाल्या, "म्हातारी झाली वं माय मी."

माझी इतकी वर्षं समजूत, फोटो काकांना भिंतीवर लावायला हवाय. मी म्हटलंही, चांगली फ्रेम करून आणतो.

"मले कायले पाह्यजे फोटो?" काका म्हणाले. "मले तर तिचं तोंड रोजच दिसते. तिलेच दिसत नोयतं."

काकूंनी शेंगांचं सुपडं बाजूला सारलं आणि काकांना बसायला जागा केली.