शाल, श्रीफळ आणि दोन बरगड्या

मंगळवारी संध्याकाळी नकुल कचऱ्याची काळी पिशवी खांद्यावर टाकून दारात उभा राहिला, तेव्हा राजेश खानोलकर टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "ती आत नको आणूस. गराजपाशी ठेव, उद्या ट्रॅशचा दिवस आहे."

"बाबा, यात माझा लॉकर आहे," नकुल म्हणाला.

राजेशने टीव्ही बंद केला. सकाळी टीमच्या ऑफिसातला एक हसतमुख माणूस नकुलला म्हणाला होता, कोच बोलावतायत, येताना टॅब्लेट घेऊन ये. त्या टॅब्लेटमध्ये टीमचे सगळे डावपेच असतात. तो परत मागितला की समजायचं, संपलं. ऑगस्टअखेरीस प्रत्येक टीम नव्वदातली सदतीस पोरं अशीच घरी धाडते आणि सामान भरायला कचऱ्याच्या पिशव्या देते. ती पिशवी शेजारच्या सीटवर ठेवून नकुल चार तास गाडी चालवत आई-बाबांच्या घरी डब्लिनला आला होता.

नकुल अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्सिव्ह टॅकल होता. सव्वासहा फूट उंची, एकशे चौतीस किलो वजन. काम एवढंच, की समोरून येणाऱ्यांच्या वाटेत उभं राहायचं आणि हलायचं नाही. तीन वर्षं तो प्रॅक्टिस स्क्वॉडवर होता, म्हणजे आठवडाभर स्वतःच्याच टीमशी धडका घ्यायच्या आणि रविवारी साध्या कपड्यांत मॅच बघायची. खऱ्या मॅचमध्ये तो एकदाच उतरला, आणि नावापुढच्या सगळ्या रकान्यांत शून्य घेऊन बाहेर आला. राजेश चारचौघांत "टीममध्ये आहे" एवढंच सांगायचा. ते खोटं नव्हतं, पण ऐकणाऱ्याला वाटायचं तितकं खरंही नव्हतं.

"एजंट म्हणाला, फोन जवळ ठेव," नकुल म्हणाला. "उद्या दुपारनंतर प्रॅक्टिस स्क्वॉडसाठी कॉल येऊ शकतो. नाही आला तर आय ॲम डन, बाबा."

शुभाने पोराच्या पाठीवरून हात फिरवला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तू आधी विनयना फोन कर. उद्याचं कॅन्सल."

उद्या गणेशचतुर्थी होती. मराठी मंडळाचे अध्यक्ष विनय ताम्हणे यांनी शाळेची जिम, म्हणजे खेळाचा मोठा हॉल, भाड्याने घेतली होती, आणि आरतीनंतर नकुलचा सत्कार जुलैतच जाहीर केला होता. राजेशने तेव्हा दोनदा नको म्हटलं, पण तिसऱ्यांदा कोणी विचारायच्या आत हो म्हणून टाकलं.

तो फोन घेऊन घरामागच्या डेकवर गेला.

"विनय, एक सांगायचं होतं. नकुलचं जरा..."

"जेवणाचं ना?" विनय घाईघाईने म्हणाले. "त्याच्यासाठी वेगळे पन्नास मोदक सांगितलेत! फ्लेक्स आलाय, दोनशे चाळीस लोक येतायत. बोला!"

"नाही, तेच विचारायचं होतं. मोदकांचं," राजेश म्हणाला.

"मग उद्या सहाला या. ठेवतो."

घरात दोघं वाट पाहत होती. राजेशच्या जिभेवर खरं आलं होतं, पण शुभाच्या नजरेला नजर भिडली आणि तो म्हणाला, "सांगितलं सगळं. त्यांना काहीच वाटलं नाही. म्हणाले, टीमने काढलं तरी तो आपलाच आहे, सत्कार करणारच."

नकुलने मान वर केली. "दे सेड दॅट?" त्याने विचारलं. "सगळं माहीत असून?"

"हो."

"दॅट्स रिअली नाइस, बाबा. मग जायला पाहिजे." त्या दिवसात पहिल्यांदाच त्याचा चेहरा थोडा निवळला, आणि राजेशला आपण चांगलं काम केल्यासारखं वाटलं. असं वाटणारी माणसं फार धोक्याची.

बुधवारी दुपारचे बारा वाजले, दोन वाजले, पाच वाजले. फोन वाजला नाही. शुभाने शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेला सर्वांत मोठ्या मापाचा कुर्ता नकुलच्या अंगात श्वास रोखून बसला. त्याला खिसा नव्हता, म्हणून फोन राजेशच्या हातात आला. "बाबा, काहीही झालं तरी उचल," नकुलने बजावलं.

जिममध्ये बास्केटबॉलच्या रिंगखाली गणपती बसला होता आणि शेजारी फ्लेक्स होता, 'मैदान गाजवणारा आपला नकुल'. फोटोतल्या खेळाडूचं तोंड हेल्मेटमध्ये होतं आणि जर्सीवरचा नंबर दुसऱ्याच कोणाचा होता. नकुलने तो पाहिला आणि मनाला लावून घेतलं नाही. येणारे जाणारे त्याचा हात जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवत होते. "थँक यू, काकू," "थँक यू, मावशी," असं म्हणत तो पुढे सरकत होता.

आरती झाली. विनय माईकपाशी आले. "मित्रहो, येत्या सीझनमध्ये आपला नकुल समोरच्या टीमची दाणादाण उडवणार आहे! पहिल्या रविवारी सगळे माझ्या बेसमेंटमध्ये, मोठ्या स्क्रीनवर!"

टाळ्या कडाडल्या. नकुलने मान वळवून पहिल्या रांगेत बसलेल्या बापाकडे पाहिलं. रागावून नाही. नुसतं पाहिलं, आणि राजेशला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात विनयनी शाल पांघरली आणि नारळ पुढे केला. नकुलचं लक्ष अजून बापाकडेच होतं. विनयचे हात का कोण जाणे थरथरत होते. नारळ सुटला, स्टेजवर आपटला आणि घरंगळत निघाला.

सुटलेला बॉल जमिनीवर दिसला की विचार करायचा नाही, अंगाखाली घ्यायचा, हे डिफेन्सच्या पोरांकडून शाळेपासून घोटून घेतलेलं असतं. एकशे चौतीस किलोंचा नकुल हवेत आडवा झाला. कुर्ता मानेपासून कमरेपर्यंत फाटला. समईजवळ उभ्या असलेल्या काकू उडी मारून बाजूला झाल्या, आणि नकुल नारळावर छातीने पडला.

"व्वा! डेमो!" कोणीतरी ओरडलं. सगळी जिम उठून उभी राहिली. मागून "वन्स मोअर" आलं.

नकुल उठेना. आणि राजेशच्या हातातला फोन वाजला.

"हॅलो? येस, फादर स्पीकिंग." पलीकडे एजंट होता. जुन्याच टीमला नकुल परत हवा होता, प्रॅक्टिस स्क्वॉडवर. उद्या सकाळी मेडिकल, पास झाला की सही. राजेश फोन उंच धरून स्टेजवर धावला. "नकुल! बोलावलं! उठ बाळा, तुला परत बोलावलं!"

मंडळातल्या डॉक्टर आसावरी नकुलशेजारी गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांनी डाव्या बाजूला बोटं दाबली, तसा तो कळवळला. "राजेश," त्या हळूच म्हणाल्या, "बरगडी गेलीये. दोन असतील."

एक्सरेत दोनच निघाल्या. सहा आठवडे सक्तीची विश्रांती. अर्जंट केअर दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत फाटक्या कुर्त्यावर शाल गुंडाळून बसलेल्या नकुलने स्वतःच एजंटला कळवलं. कसं झालं ते सांगताना तो दोनदा थांबला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "सहा आठवडे कोणी थांबत नाही. ते दुसऱ्याला घेतायत."

तीन वर्षांत त्याला साधं खरचटलंही नव्हतं. आपण काल डेकवर एक वाक्य बोललो असतो, तर हा पोरगा उद्या परत टीममध्ये असता, हे राजेशला आता अगदी स्वच्छ दिसत होतं. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

तेवढ्यात विनय आले. एका हातात मोदकांचा डबा, दुसऱ्यात तोच नारळ.

"विनय," राजेश उठून उभा राहिला. "मी तुम्हाला फसवलं. नकुलला टीमने कालच काढलं होतं. मी बोललोच नाही."

विनय जमिनीकडे पाहत राहिले. "अहो, ते माहीत होतं आम्हाला."

"काय?"

"आमच्या पोरीने, केयाने, काल दुपारीच फोनवर दाखवलं. काढलेल्यांची यादी येते ना सगळी. मी म्हटलं, तुम्ही सांगत नाही म्हणजे ते चारचौघांत यायला तुम्हाला नको असणार. मग तुम्हाला सोडून नवा ग्रुप केला आणि सगळ्यांना ताकीद दिली, कोणी विषय काढायचा नाही." त्यांनी मोदकांचा डबा खुर्चीवर ठेवला. "भाषणात ते रविवारचं मी मुद्दाम घातलं. तुमची मान खाली जायला नको म्हणून. पण खोटं बोलायची सवय नाही हो, हात कापत होते."

"दोनशे चाळीस जणांना माहीत होतं?" शुभाने विचारलं.

"दोनशे अडतीस. दोन आलेच नाहीत."

नकुल हसायला लागला. हसल्यावर बरगड्यांत कळ जायची, कळ गेली की डोळ्यांत पाणी यायचं, आणि तरी त्याला थांबता येईना. राजेश त्याच्यासमोर खाली बसला. "माझं चुकलं रे. तुझं सगळं घालवलं मी."

नकुलने नाही म्हटलं नाही. त्याने फक्त हात पुढे केला. "काका, तो नारळ द्या. फुटला?"

"नाही. तडासुद्धा नाही."

"असा सुटलेला बॉल तू आधी कधी पकडला होतास?" राजेशने विचारलं. पोरगा दहा वर्षं खेळला, पण त्याच्या खेळाबद्दल असं काही बापाने पहिल्यांदाच विचारलं होतं.

"नेव्हर. शून्य. त्या एका मॅचमध्ये अकरा डाव खेळलो, एकदाही समोर आला नाही."

"मग हा मोजायचा का?"

नकुलने नारळ उलटासुलटा करून नीट पाहिला. "हातातून सुटला, खाली पडला, मी घेतला," तो म्हणाला. "हो बाबा. हा मोजतात."

त्याने तो शिकवल्याप्रमाणे दोन्ही हातांनी पोटाशी धरला. गाडीत बसताना शुभाने मागितला, तरी त्याने दिला नाही.