आवाज न झालेला स्फोट

"सर, यान फुटलं आणि आवाजच नाही? प्रेक्षक मला फोडतील!" दिग्दर्शक समर्थ म्हणाला.

"अंतराळात हवा नाही. हवा नाही तर आवाज नाही. शाळेच्या पुस्तकात आहे हे!" गुरुप्रसाद सर कडाडले.

रत्नागिरीतल्या पोरांना छत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या सरांना चित्रपटाचे विज्ञान सल्लागार केलं गेलं, तो आनंद तीनच दिवस टिकला. नायिका परग्रहावर, म्हणजे निर्माते लवूशेठ यांच्याच कातळाच्या उजाड सड्यावर, हेल्मेट काढून गाणं म्हणत होती, कारण हेल्मेटात तिचे केस दिसत नव्हते. यान ब्रेक मारताना एसटीसारखं करकचत होतं. सरांनी बासष्ट चुका लिहून दिल्या. समर्थने त्या कागदावर वडापाव ठेवला.

"समोर माझे विद्यार्थी बसणार. एक तरी गोष्ट खरी दाखवा, नाहीतर माझं नाव काढा," सर हट्टाला पेटले.

लांज्यात काजूचा कारखाना असलेले लवूशेठ हबकले. "अरे, देऊन टाक रे त्यांना एक! बॅनर छापून झालेत माझे. नाव काय आता कोळशाने खोडू?"

तेव्हा कुठे स्फोटानंतर दोन मिनिटांची शांतता मंजूर झाली.

रत्नागिरीतल्या पहिल्या खेळाला सरांचे विद्यार्थी बायकापोरांसह आले. पडद्यावर यान फुटलं. आवाज नाही. यानाचा कप्तान हातपाय पसरून काळोखात तरंगत निघाला.

पहिल्या रांगेत लवूशेठ मगासपासून पेंगत होते. अचानक सगळं शांत झाल्याने त्यांना जाग आली. समोर मेलेला माणूस, चहूकडे चिडीचूप. शोकसभांना जाऊन जाऊन दोन मिनिटं उभं राहणं अंगवळणी पडलेलं. ते ताडकन उठले आणि मान खाली घालून उभे राहिले. शेठ उठले म्हणून त्यांची रांग उठली, मग मागची, मग बाल्कनी. कोणीतरी कुजबुजलं, "मोबाईल बंद कर मेल्या!" सरही उभे राहिले. विज्ञानाला एवढा मान मिळताना त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

बाहेर लवूशेठनी त्यांना कोपऱ्यात घेतलं. "सर, गेलं कोण ओ?"

समर्थचे पाय मात्र जमिनीवर नव्हते. "अख्खं थिएटर उभं! सर, विज्ञान काय चीज आहे ते आज कळलं मला!" असं म्हणत तो चित्रपट घेऊन दुरुस्तीसाठी मुंबईला गेला.

महिन्याभराने दुरुस्त चित्रपट लागला. सर पत्नीला, गोदाबाईंना घेऊन गेले. पडद्यावर लांज्याचा एसटी स्टँड आला. कंडक्टर तोंड हलवत होता, आवाज नाही. गणपतीपुळ्याला लाटा फुटल्या, आवाज नाही. नायिकेने नायकाच्या थोबाडीत मारली, तीही बिनआवाजाची.

"अहो, माझे कान गेले की काय?" गोदाबाई घाबरल्या.

सरांनी धावत बाहेर येऊन फोन लावला. "अरे गाढवा, पृथ्वीवर हवा आहे! इथे आवाज येतो!"

"सर," समर्थ दुखावल्या स्वरात म्हणाला, "तुमच्या शब्दाखातर सगळा आवाज काढला मी. आता दर महिन्याला नवं विज्ञान काढू नका."

"मग माझं नाव तरी काढ!"

"छे, सर! एवढा कृतघ्न नाही मी. कल्पना तुमची, म्हणून तुमचं नाव माझ्या नावाच्याही वर टाकलंय."