दामले काकांचा फ्रेंच दुश्मन

हर्नडनमधल्या आमच्या शेजारच्या दामले काकांना एक दुश्मन आहे. तो फ्रेंच आहे, आरमारात अधिकारी होता आणि केव्हाच मेलाय. यातली शेवटची बाब काकांना मान्य नाही.

तसा त्यांचा राग सगळ्याच फ्रेंच आरमारावर. बेट असो, भूशिर असो, नाहीतर इथलं एखादं अमेरिकन गाव, फ्रेंच अधिकाऱ्याचं नाव दिसलं की काकांचा जळफळाट सुरू. "नांगर टाकला की झालं नाव! मी इथे तीस वर्षं कोडिंग केलं, माझ्या नावाचा एक पार्किंग स्पॉट तरी आहे का?" एकदा हायवेवर अशाच एका गावाची पाटी आली, तर मला म्हणाले, "एक्झिट घेऊ नकोस. त्याला तेवढंच हवंय."

जळण्यात मीही कमी नाही. काकांशी गप्पा मारायला अख्खी कॉलनी थांबते. मला पाहून कुत्रंसुद्धा शेपूट हलवत नाही. त्यामुळे मागच्या ओढ्याकाठी काकांनी रोवलेली पाटी पार्कवाल्यांनी उपटून नेली, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. ओढ्याला स्वतःचंच नाव दिलं असणार! सांत्वनाच्या निमित्ताने मजा बघायला गेलो.

काका अंगणात दुसरी पाटी रंगवत होते. 'कुसुमचा ओढा'.

काकू जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं नाव मृणालिनी. मी बिचकतच विचारलं, "काका, ही कुसुम कोण?"

"तीच. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने मीच मृणालिनी लिहिलं. मला भारी वाटलं होतं. तिला विचारलंच नाही. मग माहेरची माणसं गेली, तिला कुसुम म्हणणारं कुणी उरलं नाही." त्यांचा ब्रश थांबला. "त्या फ्रेंचाने दक्षिण ध्रुवाकडे बर्फाच्या अख्ख्या किनाऱ्याला बायकोचं नाव दिलं रे. तिचं स्वतःचं."

पाटी पुन्हा उपटली जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. "थांबा, हातोडा आणतो," म्हणून मी उठलो. मला काकांचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता.

घरात शिरलो. हातोडा कुठे आहे, हे बायकोलाच माहीत. तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. तांदळांवर मीही एक नाव लिहिलं होतं.