गोठा, राख आणि साहेबांचे डोळे

आमचा गोठा हलवला गेला. माझ्यामुळे. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू, म्हणजे मला नीट फुशारकी मारता येईल!

तर, वासावर माझ्याकडे हमखास उपाय होता. शेजाऱ्यांनी तक्रार केलेली. सोमवारी पालिकेचे साहेब पाहणीला येणार, आणि शेणाच्या ढिगाचा वास आला तर बाबांच्या अकरा गायी वस्तीबाहेर. बाबांचं जेवणावरून लक्षच उडालेलं.

"निर्धास्त राहा," मी म्हटलं. "आमच्या कारखान्यातला कचरा ढिगात घालतो. खत लवकर होतं, वास जागीच बसतो."

"कचऱ्यात कचरा?"

"विज्ञान आहे, बाबा!"

कारखान्यातल्या केमिस्टताईंनी सांगितलं होतं, जिप्समची पांढरी भुकटी ने. ती आवाराच्या पार टोकाला, चिखलापलीकडे. भट्टीची राख मात्र फाटकाशीच, कोरडी, आयती पोत्यांत भरलेली. टाकाऊ ते टाकाऊ, रंगाचं काय घेऊन बसायचं! सहा पोती आणली आणि सोमवारी सकाळी ताज्या शेणात कालवली.

दहा मिनिटांत ढिगानं जन्मभराचा राग बाहेर काढला. नाकात कुणीतरी दाभण घालून गोधडी शिवतंय असं वाटलं! अकराही गायींनी एकदम माना फिरवल्या. आणि नेमके साहेब आले.

साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा धारा! त्यांनी आधारासाठी बाबांचा खांदा घट्ट धरला.

बाबांनी मला कोपरानं ढोसलं. "अरे, माणूस हळवा आहे! मन द्रवलंय त्यांचं!" स्वतःही रडत त्यांनी साहेबांना मिठीच मारली. "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो, साहेब!"

साहेबांनी बाबांच्याच पाठीवर कागद ठेवून सही केली. बाबांनी चष्मा पुसून तो कागद वाचला. आठ दिवसांत गोठा रिकामा करा.

मी ताईंना फोन लावला.

"राख? ताज्या शेणात? अरे गाढवा, जिप्सम अमोनिया धरून ठेवतं, राख त्याला हाकलून बाहेर काढते!"

गायी वस्तीबाहेर गेल्या. बाबा अजून पहाटे उठतात, रिकाम्या गव्हाणी धुतात. मला रागावत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. काल फक्त विचारलं, "तुझं विज्ञान चहा घेणार का?"

मी रीतसर अर्ज केला आहे: "गोठा हलवल्यापासून सदर जागी वास येत नाही. सबब, तक्रारीचे कारणच उरलेले नसल्याने अकरा गायी मूळ जागी परत आणण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. सोबत: ढिगाचा नमुना, एक डबा. झाकण साहेबांनी स्वतः उघडावे."