पुराच्या पाण्यावर इस्त्री

नदीला एक घडी पडली होती, एवढंच निमित्त.

नदी कापडाची. आमच्या गावच्या महापुराला पन्नास वर्षं झाली, म्हणून त्याची आठवण सभागृहाच्या भिंतीवर कायमची लावायचं ठरलं. आमच्या हिनं आणि तिच्या नऊ मैत्रिणींनी दोन वर्षं खपून बारा फुटी पट भरतकामानं भरला. वाहून गेलेला पूल, शाळेच्या छपरावर बसलेली माणसं आणि खाली निळी नदी. नदी एकट्या हिची. आठ महिन्यांचे टाके. (मी त्या काळात पेपर वाचत होतो, असं तिचं म्हणणं.)

अनावरणाच्या सकाळी ही सभागृहात खुर्च्या मांडून घ्यायला गेली. पट अजून घरीच होता आणि मला ती घडी दिसली. इस्त्री तापवून मी नदीवर ठेवली आणि फोन वाजला. ऑफिसचे साहेब! माणूस साहेबांशी बोलताना आपोआप उभा राहतो, खिडकीशी जातो, ‘हो सर’ म्हणतो. आठव्या ‘हो सर’ला मागून धूर आला.

तेवढ्यात ही दारात.

“काय जळतंय?”

“काही नाही. म्हणजे... थोडी नदी.”

नदीच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग! हिनं त्यावरून नुसतं बोट फिरवलं. ओरडली असती तर परवडलं असतं. 

“मी सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी आहे.”

“सुया ओवून द्या. तोंड उघडू नका.”

दीड तास मी खाली मान घालून सुया ओवल्या. (वर बघायची छाती नव्हती.) डागाला काळी कड आली, वल्ही आली आणि त्याची होडी झाली.

सभागृहात पडदा सरकला. निवृत्त हेडमास्तर ताडकन उठले. “हीच ती होडी! यातूनच मला बाहेर काढलं!”

“तुम्हाला? मास्तर, मी होते की तिच्यात!” सुईणमावशी म्हणाल्या.

“आणि वल्हं आमच्या अण्णांच्या हातात!” न्हावीकाकांनी डोळे पुसले.

गावात होडी कधीच नव्हती. माणसं दोराला धरून वाचली होती. पण चहा येईपर्यंत त्या होडीत चाळीसेक जण बसले. मी खरं सांगायला उठलो, तर हिनं असा चिमटा काढला की मी टाळ्याच वाजवल्या.

एवढ्यात पहिल्या रांगेतल्या एक आजी चष्मा पुसून पटाला अगदी नाक लावून उभ्या राहिल्या.

“बाई, होडी हुबेहूब गं! पण हा पाण्यात गटांगळ्या खाणारा टकला कोण?”

मी वाकून पाहिलं. होडीच्या मागे ताज्या दोऱ्यात एक गृहस्थ एक हात वर करून बुडत होते. कानाला फोन.

“अगंबाई! वाचला का गं तो?” आजींनी काळजीनं विचारलं.

ही माझ्याकडे बघत म्हणाली, “अजून काही ठरलं नाही.”