नानांनी माझा गुडघा घालवला नाही

नाना मोहित्यांना कुणी ताठ उभं राहिलेलं खपत नाही. इतर मास्तर पोरांना ताठ बसायला शिकवतात. नानांनी ग्वाल्हेरच्या दोन पिढ्यांना वाकायला शिकवलं. चेंडू जमिनीवर आहे तर नजर आभाळात कशाला, हे त्यांचं हॉकीचं तत्त्वज्ञान. मैदानावर ओरडायचे, "कमर, भाई, कमर!"

मैदान कधीच सुटलं, ओरडणं नाही. परवा पाटणकर बाजारात ते समोर दिसताच आमचा जुना सेंटर फॉरवर्ड, आता निवृत्त बँक मॅनेजर, हातातल्या पिशव्यांसकट वाकला. बायकोने विचारलं, "काय पडलं?" एका लग्नात नवरदेव पाया पडत होता, तर नाना आशीर्वाद द्यायचा सोडून म्हणाले, "अजून खाली. पास निघून गेला असता."

दर रविवारी दर्पण कॉलनीत त्यांच्याकडे जुने खेळाडू पोहे खायला जमतात. सगळे आजोबा झालेत. कुणी मुलाशी अबोला धरलाय असं कळलं की नाना म्हणतात, "पास दे, भाई. चेंडू काय घरी नेणार आहेस?" आणि तो बापडा तिथूनच मुलाला फोन लावतो.

मी इतकी वर्षं कधी गेलो नव्हतो. मी लंगडतो. शिंदे की छावनीत अजून लोक माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, मोहित्यांनी दुखऱ्या पोराला फायनलला उतरवलं, जन्माचं अधू केलं. त्याच आरोपावरून क्लबने त्यांच्याकडून संघ काढून घेतला. खरं हे, की गुडघा आधीच दुखावला होता आणि मी तो लपवला. "एकदम फिट आहे, नाना," असं मीच म्हणालो होतो. क्लबच्या लोकांनी विचारलं, तेव्हा गप्प बसलो.

गेल्या रविवारी मुद्दाम सगळे असताना गेलो आणि उभ्याउभ्याच हे सांगितलं.

"मला माहीत होतं," नाना म्हणाले. "फायनलच्या सकाळी जिना उतरताना तू कठडा धरला होतास. वडील तुझा खेळ बंद करून दुकानावर बसवणार होते. म्हटलं, एक फायनल तरी खेळू दे."

"म्हणजे आरोप खरा होता?"

"अर्धा. म्हणून तर बोललो नाही."

उरलेला अर्धा माझा आहे. तो मी इथे माझ्या नावावर लिहून देतो. छावनीतल्यांनी यापुढे गोष्ट सांगायची असेल तर पुरी सांगावी.

बाकीचे गेले, तरी नानांनी मला उठू दिलं नाही. पुन्हा चहा ठेवला. मी म्हणालो, माझ्यामुळे तुमचा संघ गेला.

"संघाचं सोड रे, सुध्या. फायनलच्या दुसऱ्याच दिवशी मी तुला बघायला आलो होतो. तुझी आई म्हणाली, झोपलाय."

"जागा होतो, नाना."

"हो, दाराखालून पाय दिसत होते." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "नंतरही पुष्कळदा आलो. वाटायचं, आज तरी उठला असशील."